मोटारीच्या बॅटरीवर काय लिहिलेले असते?

मीरा रोड किंवा भाईंदरच्या कोणत्याही बॅटरीवाल्याकडे गेलात, तर फळीवरच्या डब्यांवर ‘१२ व्होल्ट’, ‘३५ ए.एच.’, ‘३८बी२०एल’ असे काहीबाही छापलेले दिसेल. गिऱ्हाईक सहसा ते वाचत नाही. तो गाडीचे नाव सांगतो, किंमत आणि हमीचे महिने विचारतो, जुनी बॅटरी देतो आणि नवी घेऊन जातो. पण या आकड्यांपैकी प्रत्येकाला काही ना काही इतिहास आहे. त्यातला बराचसा थंड हवेच्या देशांत घडला. आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात त्यातले काय धरायचे आणि काय सोडायचे, हे तो इतिहास ठाऊक असला की नीट ठरवता येते.

सुरुवात १८५९ सालापासून करू. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने वळकटीसारखे गुंडाळले आणि पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवले. त्यांतून वीज सोडल्यावर एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर चढला, आणि बाहेरची वीज तोडल्यावर हेच पत्रे उलट दिशेने वीज देऊ लागले. पुढच्याच वर्षी त्याने असे नऊ घट जोडून फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले. गंमत अशी, की ही बॅटरी भरायची तर दुसऱ्या जातीचे घट वापरावे लागत. कामचलाऊ नव्हे असा डायनॅमो यायला अजून दहा-बारा वर्षे होती. आज दुकानात मिळणाऱ्या बॅटरीचे रसायन तेच आहे: एका अग्रावर शिसे, दुसऱ्यावर लेड डायऑक्साइड. वीज देताना दोन्हींचे लेड सल्फेट होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. म्हणूनच आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरलेली आहे ते कळते.

एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. असे सहा घट म्हणजे आपली ‘बारा व्होल्टची’ बॅटरी. पूर्ण भरलेली असताना ती खरे तर साडेबाराच्या वर असते. जाता जाता एक सांगण्यासारखे. २०११ साली राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित करून दाखवले, की या २.१ व्होल्टपैकी सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट हे सापेक्षतेच्या परिणामांमुळे मिळतात. शिशाच्या जड अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात, की आइन्स्टाइनला बाजूला ठेवून हिशेब जुळत नाही. अकरावीच्या वर्गात हे सांगून पाहावे.

प्लाँतेची बॅटरी तयार करायला वेळ फार लागे. १८८१ मध्ये कामीय फोरने शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यांवर थापला आणि ते काम सोपे केले. लेप धरून ठेवायला जाळी हवी, पण शिसे मऊ. त्याच वर्षी सेलन या इंग्रजाने शिशात अँटिमनी मिसळून कडक जाळी केली. मात्र या अँटिमनीची किंमत पुढची शंभर वर्षे मोजावी लागली. ते हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसते, तिथे हायड्रोजन सुटणे सोपे करते, आणि बॅटरीतले पाणी उडत राहते. आपल्या आधीच्या पिढीने झाकणे उघडून जे ‘डिस्टिल वॉटर’ ओतले, त्याचे कारण या मिश्रधातूत होते. १९३५ साली बेल प्रयोगशाळेत हेअरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीऐवजी किंचित कॅल्शियम घालून पाहिले, तेही मोटारीसाठी नव्हे, तर टेलिफोन केंद्रांसाठी. मोटारीत ही जाळी १९७०च्या दशकात आली. डब्यावर ‘मेंटेनन्स फ्री’ असे लिहिलेले असते ते हेच.

आता बारा हा आकडा. पहिल्या मोटारींना बॅटरीने सुरू होण्याची सोयच नव्हती. समोर लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचे, आणि ते उलट फिरले तर मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंगने १९११ मध्ये विजेवरचा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. नंतर बरीच वर्षे सहा व्होल्टच्या बॅटऱ्या चालल्या; इंजिने मोठी झाली तसे १९५०च्या दशकात अमेरिकेत बारा व्होल्ट आले. कारण साधे आहे. १२०० वॉटच्या स्टार्टरला सहा व्होल्टवर २०० अँपिअर लागतील, बारावर १००. तारा त्याच ठेवल्या तर त्यांत वाया जाणारी ऊर्जा चौपट कमी.

मुंबईत या सगळ्याची ओळख झाली ती बहुतांशी फिएटमधून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. बॅटऱ्याही जवळच बनत: कांजूरमार्गला स्टँडर्डचा कारखाना होता, आणि आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९६९ साली पुण्याजवळ चिंचवडला कारखाना काढला. त्या काळच्या गाड्यांत डायनॅमो असे, आणि इंजिन नुसते घुरघुरत असताना डायनॅमो बॅटरी जवळजवळ भरतच नाही. वाहतूक खोळंबली, वर दिवे चालू, की बॅटरी बसलीच. मग चार जणांनी धक्का मारायचा. सिलिकॉन डायोड लावलेला अल्टरनेटर क्रायस्लरने १९६० साली बाजारात आणला. तो आपल्याकडे रुळल्यावर धक्के कमी झाले.

‘३५ ए.एच.’चा अर्थ असा: वीस तास सलग १.७५ अँपिअर देता येतील. गाडी सुरू करायला याचा फार थोडा भाग लागतो. स्टार्टर १५० अँपिअर दोन सेकंद घेतो असे धरा; ३०० कुलोम, म्हणजे ०.०८३ अँपिअर-तास. चारशेहून जास्त वेळा सेल्फ मारता येईल, असा हा कागदावरचा हिशेब. मग बॅटरी उतरते कशाने? उभ्या गाडीतले घड्याळ, अलार्म, संगणक हे सगळे मिळून समजा ३० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला ०.७२ आणि महिन्याला २१ अँपिअर-तासांहून जास्त. मीरा-भाईंदरचा माणूस कामाला लोकलने जातो आणि गाडी सोसायटीत उभी राहते. रविवारी काढली तर मॅक्सस मॉलपर्यंत जाऊन परत, तेवढ्यात बॅटरी भरत नाही. अर्धवट उतरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कठीण होतात, मग ते पूर्ववत होत नाहीत. आमच्या मते इथल्या निम्म्या तक्रारींचे मूळ ‘बॅटरी निकृष्ट’ यात नसून गाडी उभी राहण्यात आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी.

लेबलावर आणखी एक मोठा आकडा ठळक छापलेला असतो: ‘कोल्ड क्रँकिंग’ अँपिअर. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी तीस सेकंद किती प्रवाह देईल, ते हा सांगतो. मिनेसोटा किंवा मॉस्कोत तो जीवनमरणाचा आकडा आहे. सांताक्रूझ वेधशाळेची नीचांकी नोंद ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ची. म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढा पाहावा. त्याहून जास्तीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. आपली बॅटरी मरते ती उकाड्याने. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा अऱ्हेनियसचा धडा इथे लागू पडतो: धन जाळी गंजते, पाणी उडते, आणि मे महिन्यात बॉनेटखाली तर भट्टीच असते. उष्ण प्रदेशांत बॅटरीतले आम्ल मुद्दाम थोडे सौम्य, १.२४च्या आसपास घनतेचे ठेवतात, ते म्हणूनच. दुकानात बघायची गोष्ट म्हणजे बनवल्याची तारीख. वर्षभर फळीवर पडून राहिलेली बॅटरी स्वस्तातही घेऊ नये.

‘३८बी२०एल’ हा जपानी पद्धतीचा संकेत आहे. ३८ म्हणजे कार्यक्षमतेचा क्रमांक, ‘बी’ म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर लांबी. ‘एल’ असेल तर टोके आपल्याकडे करून पाहिल्यावर धन टोक उजव्या हाताला येते. ‘आर’ असेल तर उलट. चुकीची घेतली तर तारा पोचत नाहीत, आणि ओढूनताणून पोचवल्या तर उलट्या जोडल्या जाण्याची भीती. धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाड ठेवतात, तेही याचसाठी. युरोपीय बांधणीच्या गाड्यांना ‘डिन’ मापाची बॅटरी लागते. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना तर वेगळ्याच बांधणीची. तिथे साधी बसवली तर ती लवकर जाते.

नवी घेण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने दोन मापे घ्यावीत. रात्रभर उभ्या गाडीत १२.६च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, बारा असेल तर जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले नाहीत, तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे आहे, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल.

काढताना आधी ऋण टोक, लावताना ते शेवटी. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सैल करताना पाना सांगाड्याला लागला आणि ऋण टोक जोडलेलेच असले, तर शेकडो अँपिअर पान्यातून जातील. ठिणगी पडेल, आणि भरताना सुटलेला हायड्रोजन तिथे साचलेला असू शकतो. १९६०च्या दशकापर्यंत पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तिथे हाच नियम उलटा. तेव्हा पाठ करायचे ते ‘ऋण आधी’ असे नाही, तर ‘सांगाड्याचे आधी’ असे. बॅटरी खालच्या पट्टीने घट्ट आवळावी. घोडबंदर रस्त्याचे खड्डे पट्ट्यांवरचा लेप झाडून टाकायला पुरेसे आहेत.

टोकांवर साचणारी पांढरी-निळी भुकटी खाडीच्या खाऱ्या हवेमुळे येते, असे भाईंदरला पुष्कळ जण सांगतात. दमट हवा मदत करते हे खरे, पण भुकटी मुख्यतः बॅटरीच्याच आम्लाच्या वाफेतून बनलेल्या सल्फेटांची असते. निळा रंग तांब्याचा. पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा टाकला की ती फसफसते. हा प्रयोग चष्मा आणि हातमोजे घालून शिक्षकांनीच करून दाखवावा. भुकटीत शिसेही असते.

राहता राहिली जुनी बॅटरी. दुकानदार दोन भाव सांगतो, जुनी देऊन आणि न देता. हा फरक मुख्यतः शिशाच्या किमतीचा. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते आणि ते ३२७ अंशांनाच वितळते, त्यामुळे परसातल्या कोळशाच्या भट्टीतही ते गाळता येते. आम्ल गटारात, धूर वस्तीवर. आपण पेट्रोलमधले शिसे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद केले. हे शिसे मात्र राहिले. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. अशा भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण. शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि ‘लक्ष लागत नाही’ असा शेरा मिळणाऱ्या मुलाच्या रक्तात काय आहे हे आपण सहसा तपासत नाही.

जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यांना २००१च्या नियमांनी बंधनकारक केले. ऑगस्ट २०२२च्या नव्या नियमांनी ती गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. भंगारवाला दारात येऊन चार पैसे जास्त देईल. तरी ती दुकानातच द्यावी आणि जुनी जमा केल्याची नोंद बिलावर करून घ्यावी.