गुळाची ढेप आणि साखरेचा दाणा

इ. स. १६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी वसईस आला. शहराबाहेर दूरवर पसरलेल्या बागा, त्यांतील माड, आंबे आणि विपुल ऊस पाहून तो हरखून गेला. ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू शेतकरी ती भूमी कसतात, हेही त्याने नोंदविले. आज गुळाकडे परतू या असे म्हटले, की काहींना ती शहरी हौस वाटते. वस्तुतः ते आपल्या अंगणातच परतणे आहे.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या गोडाची पाच रूपे सांगितली आहेत. 'शर्करा' हा शब्द फारसी-अरबीतून युरोपात पोहोचला. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग सम्राटाने ही विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे धाडली.

१४९३ मध्ये कोलंबसाने ऊस वेस्ट इंडीजला नेला आणि गोडाचा इतिहास कडू झाला. मळ्यांवर राबण्यासाठी लक्षावधी आफ्रिकन माणसे बेड्या घालून नेण्यात आली. ब्राझीलमध्ये बाहिया प्रांती येशूसंघाच्या मालकीचा उसाचा मळा व कारखाना होता आणि तेथेही गुलामच राबत. आम्हा धर्मगुरूंना हे लिहिताना संकोच वाटतो. तथापि झाकलेले पाप कबूल केल्याशिवाय पुसले जात नाही. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबविण्याचे विधेयक फेटाळले, तेव्हा इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. स्वयंपाकघरातील निवड हीही नैतिक निवड असते, हे त्या गृहिणींनी जगाला दाखविले.

आपल्याकडे १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर साखरधंदा फोफावला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि शेतकऱ्याला मान मिळाला. मात्र त्याच काळात पाहुण्याला साखरेचा चहा व गड्याला गुळाचा, अशी पंगत घरोघरी पडली. पांढरे ते प्रतिष्ठित, हा समज आपण निमूटपणे गिळला.

कोल्हापूरकडील गुऱ्हाळावर आम्ही एकदा उभे होतो. चुलवाणात चिपाडे जळत होती, काहिलीत रस उकळत होता, भेंडीच्या चिकाने मळी वर येत होती. गुळव्या म्हणाला, "फादर, काळा गूळ बाजारात कोणी घेत नाही, म्हणून पावडर घालून पिवळा करावा लागतो." दोष त्याचा नव्हे, आपल्या डोळ्यांचा आहे.

गूळ हे औषध नव्हे. मधुमेह्याला तोही वर्ज्यच. उसाला लागणारे पाणी आणि ऊसतोड मजुराचे कष्ट गुळातही आहेतच. म्हणून साखरेऐवजी गूळ घ्यावा, पण थोडा घ्यावा आणि काळसर मागून घ्यावा. खिरीत तो भांडे उतरवून, किंचित निवल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाही. गोव्यात १५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाच्या सणाला हळदीच्या पानांतील पातोळ्या गुळाच्याच होतात आणि नाताळचा दोदोल माडाच्या गुळावाचून रंगत नाही. आजीच्या हातची ती चव अद्याप मोडलेली नाही.

यंदा सणाचे ताट वाढताना एवढेच स्मरावे: गोडाला रंग नसतो, पण त्यामागे कुणाचे तरी हात असतात.