भ्रूण-अतिशीतन आणि अग्रक्रमाचा प्रश्न : कोलकाता १९७८ ते मुंबई १९९७

मानवी भ्रूण स्त्रीच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढविता येतो, हे २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनच्या जन्माने सिद्ध झाले. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांचे हे कार्य सर्वपरिचित आहे. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात अशाच पद्धतीने एक कन्या जन्मल्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी जाहीर केले. तिला ‘दुर्गा’ या नावाने ओळखले गेले. तथापि भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान पुढे दीर्घकाळ मुंबईकडे राहिला. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन्ही प्रयोगांतील फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागेल. ओल्डहॅम येथे नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच परिपक्व बीजांड पोटावाटे दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्यात आले व तयार झालेला भ्रूण त्याच चक्रात गर्भाशयात सोडण्यात आला. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाहून अधिक बीजांडे परिपक्व केली आणि ती योनिमार्गातून छेद घेऊन मिळविली. परंतु संप्रेरकांनी उत्तेजित झालेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास अनुकूल राहीलच असे नसते. म्हणून त्यांनी भ्रूण गोठवून ५३ दिवस साठविला व नंतरच्या नैसर्गिक चक्रात त्याचे रोपण केले. अतिशीतनाची बाजू सुनीत मुखर्जी यांनी, तर स्त्रीरोगविषयक बाजू डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांनी सांभाळली. गोठविलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियातील ट्राउन्सन व मोर यांनी प्रसिद्ध केले ते १९८३ मध्ये. आज हे तिन्ही टप्पे (संप्रेरकोत्तेजन, योनिमार्गे बीजांडग्रहण, अतिशीतन) वंध्यत्वचिकित्सेत नित्याचे झाले आहेत.

पश्चिम बंगाल शासनाने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे अभ्यासक होते. समितीने दावा अविश्वसनीय ठरविला. समितीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, तिच्यापुढे आलेला पुरावा त्रोटक होता. अतिशीतनविषयक एक संक्षिप्त टिपण सोडल्यास सविस्तर शोधनिबंध नव्हता, आणि बालिकेच्या कुटुंबाला प्रसिद्धी नको होती. परंतु पुरावा अपुरा असणे आणि दावा खोटा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. समितीने पहिल्यावरून दुसरे अनुमान काढले, हा तिचा खरा दोष होय. केवळ अध्यक्षांच्या विषयाची थट्टा करणारे लेखन ही गोष्ट नजरेआड करते. पुढे जपानमधील परिषदेस जाण्याची अनुमती मुखोपाध्याय यांना नाकारण्यात आली. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. संप्रेरकांच्या अभ्यासकाला तेथे काय काम असणार? १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार व के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. हे कार्य नोंदींसह सिद्ध होते आणि देशातील पहिले म्हणून त्याचा गौरव झाला. या कथेला वळण दिले ते खुद्द आनंदकुमारांनी. मुखोपाध्याय यांची टिपणे व पत्रव्यवहार हाती आल्यावर त्यांनी ती तपासली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्याय हेच होत, असे प्रतिपादन केले. ज्या अग्रक्रमाचा लाभ त्यांना स्वतःला मिळत होता, तोच त्यांनी सोडला. विज्ञानाच्या इतिहासात अग्रक्रमासाठी झालेले कलह पुष्कळ आढळतात. असा त्याग क्वचितच.

त्यानंतर हर्षाचा उल्लेख ‘शास्त्रीय नोंदी असलेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ असा होऊ लागला. हे विशेषण अचूक आहे. मात्र कोलकात्यातील नोंदी सविस्तर स्वरूपात का प्रसिद्ध होऊ शकल्या नाहीत, हे ते सांगत नाही.