राजकीय डीपफेक आला तर तक्रार कुठे करायची? कर्जत-खालापूरकरांसाठी

डीपफेक म्हणजे एआयने बनवलेला असा व्हिडिओ किंवा ऑडिओ, ज्यात माणूस जे कधी बोललाच नाही ते बोलताना दिसतो. निवडणुकीत खरा त्रास ऑडिओचा. ओठ बघून काही पकडता येत नाही आणि ‘कॉल रेकॉर्डिंग’ म्हटलं की खरखरीत आवाजही खराच वाटतो.

आपल्याकडे हे घडलंय. विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबर २०२४ ला. आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचा आवाज असल्याचं सांगत बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या क्लिप फिरल्या. सुळे यांनी त्या खोट्या असल्याचं सांगून निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. फॅक्ट-चेकर्सनीही आवाज एआयचा असावा असं सांगितलं, पण तोवर मतदान सुरू झालं होतं.

केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षाने तो ३ तासांत काढायचा (मे २०२४). एआय वापरलेल्या प्रचार-व्हिडिओत स्क्रीनच्या किमान १० टक्के भागावर तसं लेबल हवं, ऑडिओत सुरुवातीच्या १० टक्के वेळेत (ऑक्टोबर २०२५).

घोळ पुढे आहे. हा आयोग लोकसभा-विधानसभेचा. म्हणजे मावळ आणि कर्जत मतदारसंघ त्याच्याकडे. पण डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालेल्या कर्जत, खोपोली, माथेरान नगरपरिषदा आणि रायगड जिल्हा परिषद येतात राज्य निवडणूक आयोगाकडे. त्यांचे कायदे १९६५ आणि १९६१ चे! तेव्हा घरात साधा फोन असला तरी मोठी गोष्ट होती.

त्यामुळे नगरसेवकाच्या क्लिपची तक्रार सी-व्हिजिल अ‍ॅपवर टाकून बसू नका, ते केंद्रीय आयोगाचं आहे. तिथल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी द्या, शिवाय पोलिसांकडे किंवा सायबर क्राइम पोर्टलवर जा. भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ (उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं) नगरपरिषदेलाही लागू आहे. शिक्षा मात्र फक्त दंडाची, जी मला तरी फारच किरकोळ वाटते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले मेसेज कंपनीला वाचता येत नाहीत, त्यामुळे कुणीतरी रिपोर्ट केल्याशिवाय तिला कळत नाही. आधी क्लिप सेव्ह करा. ग्रुपचं नाव, नंबर, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मगच रिपोर्ट करा. आणि ‘हे खोटं आहे बरं का’ असं लिहूनही पुढे पाठवू नका. पुढचा माणूस फक्त क्लिप फॉरवर्ड करतो, तुमची ओळ मागेच राहते.