तळेगांवची भट्टी व तळेगांवची शाळा

तळेगांव दाभाडे म्हटलें कीं इतिहासाभ्यासकांस सेनापति खंडेराव, १७३१ सालीं डभईच्या रणांत पडलेले त्रिंबकराव आणि मागें दौलत सांभाळणाऱ्या उमाबाई यांचें स्मरण होतें. त्याच गांवीं विसाव्या शतकाच्या आरंभीं झालेल्या एका निराळ्या उद्योगाकडे मात्र, आमच्या मतें, पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं.

प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तिला लोकमान्य टिळकांचें पाठबळ मिळालें व १९०८ सालीं पैसा फंडांतून तळेगांवीं कांचेचा कारखाना निघाला. त्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांजकडे आली. ही विद्या त्यांनीं जपानांत व अमेरिकेंत संपादिली होती.

वाळू, सोडा व चुना एकत्र वितळविले म्हणजे कांच होते, इतकें पुस्तकांत सांपडतें. परंतु सह्याद्रीच्या काळ्या खडकापासून झालेल्या वाळूंत लोहांश असतो व त्यानें कांच हिरवट होते; सबब वाळू पारखण्यास भूस्तरशास्त्र हवें. मिश्रणास रसायनशास्त्र हवें, मूस टिकावी म्हणून मातीचें ज्ञान हवें, आणि फुंकनळीवर रस घेऊन भांडें फुगविण्यास हाताची व श्वासाची दीर्घ संवय हवी. मिश्रणांत फुटकी कांच घातली तर तें लवकर वितळतें व जळण वांचतें. टाकाऊ वस्तूचा हा पुनरुपयोग कांचकारांच्या जुन्या परिपाठांतला आहे. शाश्वत तंत्रज्ञान या नांवाखालीं आजचीं विद्यापीठें जीं शास्त्रें एका छत्राखालीं आणूं पाहतात, तीं भट्टीपुढें आपोआप एकत्र येत.

याच गांवीं प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय आलें. विजापूरकर हे पूर्वी कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत अध्यापक. मराठीच्या द्वारें शिक्षण व त्याच्या जोडीस उद्योगशिक्षण, हा त्यांचा हेतु. 'विश्ववृत्त' मासिकांतील एका लेखावरून त्यांस कारावास घडला व १९१० सालीं सरकारनें विद्यालयच बंद पाडिलें. भट्टी मात्र पेटती राहिली. सरकारास भय वाटलें तें शाळेचें, कारखान्याचें नव्हे, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटते. कारण कारखाना हीही शाळाच होती. तेथें शिकून निघालेल्यांनीं निरनिराळ्या प्रांतीं कांचेचा धंदा नेला. खुद्द वार्ष्णेय यांनीं पुढें संयुक्त प्रांतांत बहजोई येथें कारखाना काढिला. पैसा फंडाचा हिशेब केवळ विकलेल्या चिमण्यांवर व बाटल्यांवर मांडणाऱ्यांच्या दृष्टीस ही जमेची बाजू येत नाहीं.

विजापूरकर सुटून आल्यावर तळेगांवींच त्यांचें कार्य पुन्हां उभें राहिलें. त्या परंपरेंतील नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ आज तेथें नवीन समर्थ विद्यालय चालवितें; आणि त्याच मंडळाचें अभियांत्रिकी महाविद्यालयही गांवांत आहे.