रविवारची पंगत



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना देवालय, शाळा आणि धर्मगुरूंची नामावळी यांचा उल्लेख होणें स्वाभाविकच आहे. परंतु श्रद्धेचा पुष्कळसा इतिहास चुलीपाशींही घडत असतो. रविवारीं मिस्सानंतर सर्व कुटुंबानें एकत्र बसून जेवावें, ही जी आपली रीत, तिचें मूळ कोठें आहे व ती आपणांपर्यंत कोणत्या वाटेनें आली, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

आठवड्याच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या वारीं, पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक भाकर मोडावयास जमत. त्याबरोबर एक प्रेमभोजनही होत असे. ग्रीक भाषेंत त्यास ‘अगापे’ म्हणत. या भोजनांत दोष शिरण्यास वेळ लागला नाहीं. करिंथ येथील मंडळींत कोणी आपलें अन्न आधींच खाऊन मोकळे होत आणि ज्यांच्याजवळ कांहीं नसे ते उपाशीं राहत. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायांत त्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. त्याचा कटाक्ष अन्नावर नव्हता. एकमेकांसाठीं थांबत नाहीं, यावर होता.

पुढें इ. स. 155 च्या सुमारास संत जस्टिन यानें रविवारच्या उपासनेचें वर्णन लिहून ठेवलें. त्या दिवशीं जमलेलें दान अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्याकडे जाई, असें तो सांगतो. इ. स. 197 च्या सुमारास तर्तुलियन यानेंही प्रेमभोजनाचें वर्णन केलें असून, त्यांत प्रार्थनेनें आरंभ, भुकेपुरतें अन्न आणि गरिबांचा सांभाळ या तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. चौथ्या शतकांत लाओदिकिया येथील परिषदेनें देवालयांत अशीं भोजनें करण्यास मनाई केली. देवालयांतून उठलेली ती पंगत ख्रिस्ती घरांनीं आपल्या परीनें सांभाळली, असें आम्हांस वाटतें.

तिला शिस्त लावली ती उपवासानें. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यानें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊं नये, असा नियम शतकानुशतकें होता. 1953 सालीं पोप बारावे पायस यांनीं पाण्याची मोकळीक दिली आणि 1964 सालीं पोप सहावे पॉल यांनीं उपवास एका तासावर आणला. त्यापूर्वीं मिस्साहून परतल्यावर घेतलेला घास हाच प्रसाद घेणाऱ्यांचा त्या दिवसाचा पहिला घास असे. आधीं प्रभूचें ताट, मग घरचें ताट, हा क्रम मुलांस कोणी निराळा शिकवावा लागत नसे.

पण एकत्र जेवावयाचें तर एकत्र रिकामें असलें पाहिजे. इ. स. 321 मध्यें सम्राट कॉन्स्टंटाइन यानें न्यायकचेऱ्या व शहरांतील कारागीर यांस रविवारची विश्रांति दिली. शेतकऱ्यांस मात्र काम करण्याची मुभा ठेवली. महाराष्ट्रांत ही विश्रांति मजुरांस मिळवून देण्याचें श्रेय महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचें आहे. 1884 सालीं त्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या सुमारें 5,500 गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढें गेला. रविवारीं सुटी असावी आणि दुपारीं अर्धा तास मोकळा मिळावा, या मागण्या त्यांत होत्या. भाकरी खावयास अर्धा तास मागावा लागावा, हीच त्या काळची स्थिति! अखेर 10 जून 1890 रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. त्याच्या पुढच्याच वर्षीं, 1891 सालीं, पोप तेरावे लिओ यांनीं ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रांत श्रमिकाच्या विश्रांतीचा हक्क जगापुढें मांडला.

आपली परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती आणि तेथें कचेऱ्यांची सुटी शुक्रवारीं असे. त्या राज्यांत नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास रविवार पाळणें म्हणजे पहाटे प्रार्थना आणि दिवस उगवतां कामावर हजर! 17 सप्टेंबर 1948 रोजीं तें राज्य संपलें आणि पुढें रविवार येथेंही सुटीचा वार झाला. 1977 सालीं औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली व आपला जिल्हा त्यांत आला.

सहभोजनाची कल्पना या मातीस परकी नाहीं. संत जनाबाईंचें गंगाखेड आपल्याच जिल्ह्यांत. वारकऱ्यांचा काला सर्वांस ठाऊक आहे. शेजारच्या नांदेडास गुरुद्वाराच्या लंगरांत राव-रंक एका ओळींत बसतात. तथापि याच मुलखांत पंगती जातवार निराळ्या बसत, हेंही विसरतां येत नाहीं. ख्रिस्ती घरें त्या रोगापासून सर्वस्वीं मुक्त राहिलीं, असें म्हणवत नाहीं. करिंथची गोष्ट म्हणूनच आपल्या दारची आहे.

आज या पंगतीवर संकट आहे तें निराळ्या प्रकारचें. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील कितीएक कुटुंबें ऊसतोडीस निघतात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. फडांत रविवार कसला? मुलें पुण्यास, मुंबईस नोकरीस आहेत. हॉटेलांतील पोऱ्यास आणि धुणींभांडीं करणाऱ्या बाईस लोखंड्यांची सुटी अजून पोंचलेली नाहीं. घरीं राहिलेली म्हातारी एकटीच भाकरी मोडून खाते. एका छपराखालीं असलेलेही वेगवेगळ्या वेळीं जेवतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 1998 सालीं ‘दिएस दोमिनि’ या पत्रांत, एकटे असलेल्यांस रविवारीं जेवावयास बोलवावें, असें सुचविलें आहे. आमची आपणांस हीच विनंति आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण आणि ठेचा एवढेंही पुरे. पक्वान्नाची गरज नाहीं. सर्व येईपर्यंत थांबावें, प्रार्थना म्हणावी, आणि आळींतील एकट्या मनुष्यास आपल्या ओळींत बसवावें. ऊसतोडीस गेलेल्यांचीं मुलें आजीपाशीं राहिलीं असतील, तर त्यांस प्रथम बोलवावें.

ज्युबिलीचे दिवे विझतील, मांडव उतरेल. पण घरोघरीं रविवारची पंगत बसत राहिली, तर या धर्मग्रामाचा पुढचा इतिहास लिहिणारास सांगण्याजोगें कांहीं उरेल. प्रभु आपल्या ताटांस आणि त्या ताटांवर येणाऱ्या प्रत्येकास आशीर्वाद देवो.