पेटी कुणाची, किल्ली कुणाकडे?

आज घरातल्या साठवणीच्या वस्तूंची नावं घेऊ या. कणगी, कोठी, बळद, पेव, रांजण, गाडगं, उतरंड, शिंकं, फडताळ, करंडा, पेटारा, पेटी, संदूक, ट्रंक, कपाट, तिजोरी. दमले मी! यातल्या निम्म्या वस्तू आता घरात दिसत नाहीत, पण शब्द अजून तोंडात आहेत. घरात काय साठवायचे आणि ते कुणाच्या ताब्यात असायचं, हे या शब्दांवरून बरंच कळतं.

आधी धान्याचं बघू. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या काड्यांची विणलेली उंच टोपली, आतूनबाहेरून शेणामातीनं लिंपलेली. मातीच्या कोठीला खाली एक भोक, त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की आजच्या भाकरीपुरती ज्वारी बाहेर. वाड्यांमध्ये धान्याची बंद, अंधारी जागा असायची, ते बळद. लिंपणं, धान्य वाळवणं, कडुनिंबाचा पाला घालणं, पुढच्या पेरणीचं बी राखेत घालून गाडग्यात जपणं, हे सगळं बाईचं काम. पाऊस लांबला तर रोज किती काढायचं, हा हिशेबही तिच्याच डोक्यात. शेतीच्या इतिहासात नांगराची गोष्ट भरपूर सांगितली जाते, या गाडग्याची मात्र कुणी सांगत नाही.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं. कडेनं कडबा किंवा गवत लावायचं, धान्य भरायचं आणि तोंड मातीनं बंद करायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कारण आत कोंडलेल्या विषारी हवेनं माणूस गुदमरून मरतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती, 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं. ‘अमक्याचं पेव फुटलंय’ असं आपण म्हणतो ना, ते पेव हेच.

आता कुलपाकडे येऊ. पेटी हा जुना शब्द, संस्कृतातल्या पेटिकेवरून आलेला. टाळं हाही आपलाच. पण बाकीचे बरेच पाहुणे आहेत. संदूक अरबीतला, फारसीच्या वाटेनं आला. कुलूपही अरबीच. मूळ शब्द ‘कुफ्ल’, आपल्या जिभेनं अक्षरांची अदलाबदल केली. चावी पोर्तुगीजांची. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहिणी जिला अलमारी म्हणतात, तीही पोर्तुगीजच. तिजोरी इंग्रजीतल्या ट्रेझरीवरून, म्हणजे सरकारी खजिन्यावरून आली. कपाटाची गंमत वेगळी. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथची कपाटं उघडली, असं बातम्यांत ऐकता, तिथे दारंच उघडलेली असतात. आपल्याकडे मात्र दारं असलेल्या वस्तूलाच कपाट म्हणू लागले. पुढे लोखंडी कपाट आलं. गोदरेज कंपनी 1897 साली मुंबईत कुलपं करायला लागली आणि 1923 पासून कपाटं. मग कुठल्याही लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’ म्हणू लागले.

कुलूप आलं की किल्ली आली, आणि किल्ली कुणाच्या हातात हा प्रश्नही आला. धान्याची कोठी बाईच्या ताब्यात, पण तिजोरीची किल्ली बहुतेक घरांत पुरुषाच्या करगोट्याला किंवा सासूच्या कमरेला. सुनेची म्हणून फणेरपेटी असायची, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा एवढंच मावणारी. मग बायकांनी आपल्या जागा शोधल्या. उतरंडीतलं खालचं मडकं, डाळीचा डबा, बटवा, लुगड्याची कनवट. डब्यावरूनच ‘डबोलं’ शब्द आला असावा, असं मला वाटतं. त्या पैशाला घरचे चोरीचा पैसा म्हणायचे. मी त्याला बचत म्हणते.

कायदा काय म्हणत होता? अकराव्या शतकाच्या अखेरीला विज्ञानेश्वरानं कल्याणीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, मिताक्षरा लिहिली. आपल्या भागातला हिंदू वारसाहक्क बराच काळ तिच्यावर चालला. स्त्रीधन बाईचं, हे तिच्यात आहे. पण इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांत विधवेला नवऱ्याकडून मिळालेली जमीन बहुधा तहहयातच धरली जाई. ती वापरायची, पण आपल्या मर्जीनं विकता येत नसे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नं बाईच्या ताब्यातली अशी मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली.

तरी ट्रंक सासरी आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे चालूच राहिलं. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन पत्नीचंच आहे. ते नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे ठेवलं तर ती ठेव झाली. मागितल्यावर परत दिलं नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणजे किल्ली कुणाकडेही असो, पेटी तिचीच.

पण ट्रंकेत काय होतं, हे कागदावर नसतं तिथे भांडण अडतं. त्याच 1985 सालच्या नियमांनुसार लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्या माणसाचं नातं काय, हे लिहायचं आणि खाली वर-वधू दोघांच्या सह्या घ्यायच्या. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनंच सांभाळायची. आपल्याकडे लग्नाआधी बैठकीत याद्या होतातच, त्याच दिवशी हीही करून घ्या. गटातल्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं असेल तर तिच्या आईला आजच सांगा. आणि ती यादी त्याच ट्रंकेत ठेवू नका बरं का, एक प्रत माहेरीही राहू द्या.