बफरिंग, थेट गेम प्रक्षेपणातील
चित्राचा पुढचा तुकडा वेळेत न पोहोचल्याने प्रेक्षकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहणे. दोष कोणाकडे, हे आधी पाहावे. ‘ओबीएस’ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर अडचण बहुधा प्रक्षेपकाच्या अपलोडची; वायफाय सोडून केबल लावावी. आकडा शून्य असूनही एखादाच प्रेक्षक तक्रार करत असेल, तर बहुधा त्याची जोडणी कच्ची. ट्विचवर छोट्या वाहिनीला कमी दर्जाच्या आवृत्त्यांची हमी नसते. त्यामुळे ६,००० केबीपीएसचा मूळ प्रवाह रत्नागिरीत मोबाइल डेटावर पाहणाऱ्याला जड जातो. अशा वेळी २,५०० केबीपीएस, ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम बरे. यूट्यूब अशा कमी दर्जाच्या आवृत्त्या स्वतःच बनवते. काही वेळा मात्र दोष सेटिंगचा नसतोच: निसर्ग चक्रीवादळात (३ जून २०२०) दापोली-मंडणगडात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले; तिथे कोणते सेटिंग बदलणार?